आहेर आला की लॅपटॉप बंद

राजूरच्या वंदना पुंगळेला भोकरदन तालुक्यातली फार थोडी माणसं ओळखतात. ती मात्र सगळ्या तालुक्याला ओळखते, आणि नुसतं तोंडावरून नाही. पंगतीत जिलबी वाढणाऱ्याचा हात कोण धरून ठेवतो, फोटोला उभं राहताना पोट आत कोण ओढतो, कोणाच्या सासूनं सुनेच्या हातातलं ओवाळणीचं ताट कसं हिसकून घेतलं, हे सगळं तिला तोंडपाठ आहे. कारण रूपाली, तिची पोरगी, बालवाडीत होती तेव्हापासून ती लग्नांचं मिक्सिंग करते. नवरा हरिओम कॅमेरा खांद्यावर टाकून मांडवोमांडवी हिंडतो आणि भरलेलं कार्ड आणून हिच्यासमोर ठेवतो. मग भाकरी-भाजी उरकून वंदना लॅपटॉपसमोर मांडी घालून बसते आणि त्या सगळ्या कालव्यातून एक बघण्यासारखं लग्न तयार करते.

एकदा एसटीत धावड्याचे एक म्हातारबाबा शेजारी येऊन बसले, तर ही पटकन म्हणाली, "बाबा, गुडघा कसा हाय आता?" बाबा दचकले. बाई कोण, कुठली, काही पत्ता नाही. वंदनानं त्यांना एकापाठोपाठ तीन लग्नांत लंगडताना पाहिलं होतं. चौथ्या लग्नात हातात काठी आली तेव्हा तिला मनापासून वाईटही वाटलं होतं. बाबांनी घरी जाऊन सांगितलं की एसटीत एक बाई भेटली, अंगात वारं असावं, न सांगता दुखणं ओळखते.

सोयरीक जुळवणारे लोकही तिच्याकडं येतात. "वंदनाताई, अमक्याकडून स्थळ आलंय, माणसं कशी हायेत?" ती म्हणते, "मी काय सांगू बाप्पा, मी नुसते चित्र बघते." पण सांगताना तिची डावी भुवई किती वर जाते ते बघून शहाणे लोक निर्णय घेतात. कारण वंदनाचा एक नेम आहे. कोणाचं उणं तिच्या तोंडून बाहेर पडत नाही आणि सिनेमातूनही पडत नाही. मांडवात भांडण झालं, काप. वरमाई फुगून बसली, काप. नवरदेवाचा मित्र झिंगून नाचताना स्पीकरवर आदळला, तोही काप. "लग्नात झालेलं समदं पेनड्राइव्हमधी घालून दिलं," ती म्हणते, "तर तालुक्यात एक संसार टिकणार न्हाई."

आता अशा बाईच्या स्वतःच्या पोरीच्या लग्नात रुसवा व्हावा, तोही सख्ख्या भावाचा, म्हणजे दिव्याखाली अंधारच झाला.

भाऊ सोमेश्वर उगले, राहणार अंबडजवळचा. शेती बरी, घरचा ट्रॅक्टर, मन मोठं, आणि राग कायम नाकावर. रूपालीच्या लग्नासाठी हा मामा आठवडाभर आधी येऊन राहिला होता. मांडवाच्या खांबांचे खड्डेसुद्धा त्यानं स्वतः उभं राहून करून घेतले. लग्नात मामाचा मान पहिला, हे शेंबड्या पोरालाही कळतं. नाही कळलं ते फक्त कडूबाला. कडूबा म्हणजे गावातला माईकवाला. माईक हातात आला की डोळ्यांसमोर जो दिसेल त्याचं नाव घ्यायची त्याला खोड. आहेर सुरू झाले तेव्हा त्यानं सरपंचांना पुकारलं, सोसायटीच्या चेअरमनला पुकारलं, आणि स्टेजखाली मंडपवाला उभा दिसला म्हणून टोपी-टॉवेलासाठी त्यालाही पुकारलं. त्यानंतर म्हणाला, "वधूचे मामा, सोमेश्वरराव उगले."

सोमेश्वर स्टेजवर गेला. टोपी-टॉवेल हातात घेतला, एक क्षण त्याच्याकडं बघितलं, मग टॉवेल खुर्चीवर ठेवला, टॉवेलावर टोपी ठेवली आणि मांडवातून चालता झाला. साऱ्या पाहुण्यांनी बघितलं. त्यानं अंबडला जाऊन सांगितलं की मी तडक निघून आलो, मागं वळून बघितलं नाही, आणि आता बहिणीच्या घराचा उंबरा चढणार नाही.

आई-वडील गेल्यावर बाईचं माहेर म्हणजे भाऊ. त्यात यंदा उन्हाळ्यात धोंड्याचा महिना आलेला. हा अधिक महिना तीन वर्षांतून एकदा येतो. त्यात जावयाला अनारशांचं ताट जातं आणि बहिणीला माहेराहून बोलावणं येतं. गल्लीतल्या बायका एकेक करून माहेरी जाऊन नवी साडी नेसून परत येऊ लागल्या, आणि वंदना रोज फोनकडं बघू लागली. शेवटी एक दिवस भावजय सुरेखाचा चोरून फोन आला.

"वन्सं, मी लई सांगून पाह्यलं. पण ह्यायचं एकच, आधी शूटिंग येऊ दे. मला कितवं पुकारलं ते समद्या भावकीला दिसू दे. मंग बघू धोंड्याचं."

शूटिंग, लग्नात हरिओमच्या जागी कॅमेरा धरलेल्या पोरानं केलेलं, वंदनाजवळच होतं आणि त्यात सोमेश्वर शंभर टक्के बरोबर होता. मंडपवाल्याच्या नंतरच पुकारलं होतं त्याला. हे असंच्या असं भावकीनं बघितलं तर माहेर कायमचं मिटलं. आणि काहीच दाखवलं नाही तर महिना संपून जाणार आणि पुढची तीन वर्षं वाट बघायची.

मग तिनं ठरवलं. आजवर लोकांसाठी केलं, आता आपल्यासाठी करायचं.

तिनं कडूबाचा आवाज कापून पुढं आणला. सिनेमात आता पहिलं नाव मामाचं. टॉवेल खुर्चीवर ठेवल्याचं कापलं. उरला तो एक क्षण, टोपी-टॉवेल हातात घेतल्याचा. तो तिनं संथ करत करत लाटला आणि ज्वारीच्या पापडाएवढा मोठा केला. मामाभोवती सोनेरी उजेड टाकला. वरून गुलाबाच्या पाकळ्या सोडल्या. मागं सनई. सरपंचांच्या वाट्याला एक पाकळी आली नाही. एवढं सगळं एकदम टाकल्यावर जुना लॅपटॉप मात्र दर पाकळीला उचकी देऊ लागला.

लॅपटॉप जाडजूड होता, कुठल्यातरी बंद पडलेल्या ऑफिसातून आलेला. हल्लीच्या पातळ लॅपटॉपात सगळं आतल्या आत चिकटवलेलं असतं. ह्याच्यातलं ग्राफिक कार्ड, म्हणजे चित्रं हलवण्याचं सगळं काम करणारा भाग, स्क्रू काढून बदलता येत होतं. जालन्याच्या प्रितमनं जुनं काढून मोठं कार्ड बसवून दिलं आणि बजावलं, "मावशी, कार्ड ताकदीचं आहे, पण तापणार. ह्याला हवा भरपूर द्या."

प्रितम बरोबरच बोलला. पण मे महिन्यात जालना जिल्ह्यातल्या माणसाला हवा म्हटलं की डोळ्यांसमोर एकच वस्तू येते. वंदनानं घरी येताच कूलरचं तोंड फिरवलं. हरिओमनं त्याच आठवड्यात कूलरला नवा वाळा बसवला होता, लाकडाच्या किसाचा, पिवळाधमक. घरभर त्याचा ओला वास सुटला होता. ते सगळं गार वारं आता लॅपटॉपच्या मागच्या जाळीवर भसाभस आदळू लागलं.

"अवो, मी काय उन्हात वाळत घालायचा पापड हाय का?" हरिओम कोपऱ्यात घाम पुसत म्हणाला.

"तुमचा भाऊ न्हाई रुसलेला," वंदना म्हणाली. विषय संपला.

नव्या कार्डावर हळद छान झाली. अक्षता छान पडल्या. आहेर सुरू झाले, कडूबानं पहिलं नाव घेतलं, सोमेश्वर संथपणे स्टेज चढला, पाकळ्या पडू लागल्या, आणि लॅपटॉपच्या पोटातून रिकाम्या गिरणीसारखी घरघर सुरू झाली. मग पडदा काळा. हात लावला तर तवा.

थंड होऊ दिला, परत लावला. परत मामा, परत काळा. वंदनानं कूलर हातभर पुढं ओढला. दुसऱ्या दिवशी मामा स्टेजची पायरी चढायच्या आधीच बंद. तिनं कूलर आणखी पुढं ओढला. जसजसा कूलर जवळ, तसतसा लॅपटॉप लवकर बंद. हे तिच्या लक्षात आलं नाही असं नाही, पण तिनं त्याचा अर्थ असा लावला की कूलर अजून लांबच आहे.

हरिओमचं म्हणणं, नजर लागली. त्यानं गणपतीच्या मंदिरातून अंगारा आणला आणि लॅपटॉपच्या कपाळाला, म्हणजे स्क्रीनच्या वरच्या काठाला लावला. शेजारची मालनबाई म्हणाली, परातीत बर्फ ठेव आणि वर लॅपटॉप ठेव. तेही करून झालं. बर्फाचं पाणी परातीतून सतरंजीत आणि सतरंजीतून हरिओमच्या अंथरुणात गेलं.

शेवटी ती ओला टॉवेल गुंडाळून, ताप आलेलं लेकरू न्यावं तसा लॅपटॉप मांडीवर घेऊन एसटीनं जालन्याला गेली. प्रितमच्या दुकानात एसी. तिथं लावला तर मामा दिमाखात स्टेजवर आला, पाकळ्या झेलल्या, टोपी-टॉवेल घेतला. लॅपटॉपनं हूं की चूं केलं नाही. दुकानात गिऱ्हाइकांची गर्दी होती. प्रितमनं दोन मिनिटं बघून सांगितलं, "मावशी, मशीन ओके आहे. घरी हवा कमी पडते."

वंदना घरी आली आणि कूलर एवढा जवळ घेतला की बोट घालायला जागा उरली नाही. लॅपटॉप हळदीतच बंद पडला.

त्या दिवशी सुरेखाचा फोन आला आणि वंदनाच्या तोंडून निघून गेलं, "काय सांगू वहिनी, बराबर दादाचा आहेर आला की बंद पडून राह्यलाय." सुरेखा बिचारी साधी. तिनं जेवण वाढता वाढता हे जसंच्या तसं नवऱ्याला सांगितलं.

सोमेश्वरच्या हातातला घास तसाच राहिला. "बराबर माझ्याच टायमाला? मंडपवाल्याच्या टायमाला न्हाई पडत बंद?"

दुसऱ्या दिवशी भर दुपारी तो राजूरला हजर. हातात पाण्याची बाटली. रुसलेल्या माणसानं त्या घरचं पाणी पिऊ नये म्हणून अंबडहून घरचं पाणी घेऊन निघाला होता. दोन एसट्या बदलेपर्यंत त्या पाण्यात चहा झाला असता. तो ओट्यावर बसला, उंबऱ्याच्या बाहेर.

"दादा, आत ये की. ऊन किती हाय."

"मी उंबरा चढणार न्हाई म्हणून सांगितलंय. तुझं ते मशीन इकडं आण. कसं बंद पडतंय ते मला माझ्या डोळ्यानं बघायचंय."

पहिलं नाव आपलं लागलं की दादा विरघळेल, ह्या एकाच आशेवर वंदनानं दारात, बरोबर उंबऱ्यावर, स्टूल ठेवलं. अर्धं आत, अर्धं बाहेर. त्यावर लॅपटॉप. मागून हरिओमनं कूलर ढकलत आणून लॅपटॉपला चिकटवला. सोमेश्वर हाताची घडी घालून बसला. हळद लागली. नवरी हसली. आणि सीमांतपूजनाच्या आधीच घरघर, काळा पडदा.

"घ्या!" सोमेश्वर गरजला. "आता तर माझ्याआधीच बंद केलं. म्हणजे मी दिसूच नये बिलकुल!"

"दादा, रूपालीची आण. खरंच तापून राह्यलाय तो. हात लावून बघ."

सोमेश्वरनं तावातावानं तळहात ठेवला आणि झटकन काढला. बोटं तोंडात घातली. मग त्याच्या चेहऱ्यावरचा राग जरासा बाजूला सरकला आणि तिथं ट्रॅक्टरवाला आला. तो वाकला. लॅपटॉपच्या बाजूच्या फटीजवळ गाल नेला.

"आतला पंखा फिरून राह्यलाय. आवाज येतोय. मंग वारं कुठं निघून राह्यलं?"

"म्हंजे?"

"पंखा फिरला की दुसऱ्या बाजूनं गरम वारं भायेर पडाया पायजे. इथं फुंकर बी लागत न्हाई गालाला. ट्रॅक्टर सगळ्यात जास्ती कवा तापतो?"

"मळणीला," आतून हरिओम म्हणाला.

"का तापतो? भुसा! रेडिएटरच्या जाळीत भुसा बसला की पंखा कितीबी फिरू दे, वारंच न्हाई पार होत. स्क्रू-ड्रायव्हर कुठंय तुमचा?"

"खिडकीत," वंदना म्हणाली. "थांब, मी देते."

पण सोमेश्वरला कुठला धीर. तो उठला, स्टुलाला वळसा घातला, उंबरा ओलांडला, खिडकीतला स्क्रू-ड्रायव्हर घेतला, परत येऊन लॅपटॉप उचलला आणि घराच्या मधोमध ट्यूबलाइटखाली मांडी घालून बसला. हरिओमनं बोलायला तोंड उघडलं. वंदनानं नवऱ्याकडं असं बघितलं की ते तोंड तसंच मिटलं. तिनं गुपचूप माठातलं पाणी तांब्यात भरून भावाच्या गुडघ्याशी ठेवलं. त्यानं पहिला स्क्रू काढता काढता तांब्या उचलला, घटाघट रिकामा केला, मनगटानं तोंड पुसलं आणि दुसऱ्या स्क्रूला लागला.

झाकण निघालं. आत पंखा आणि त्याच्या तोंडाशी तांब्याच्या बारीक पात्यांची जाळी. म्हणजे जाळी असावी. दिसत होता तो पिवळट तंतूंचा आणि ओल्या धुळीचा एक थर, दाबून बसलेला, गोधडीच्या तुकड्याएवढा जाड. सोमेश्वरनं चिमटीत धरून ओढला तर अख्खा उचलून हातात आला. त्यानं तो उजेडात धरला. नाकाशी नेला. मग मान वळवून कूलरकडं बघितलं.

"वंदे. हा तर कूलरचा वाळा."

नव्या वाळ्यातून सुटलेला सगळा किस वाऱ्याबरोबर सरळ लॅपटॉपच्या पोटात जात होता. कूलर जेवढा जवळ, तेवढा घास मोठा. एसीच्या गारव्यात लॅपटॉप तेवढ्यापुरता का शहाणा होता आणि घरी का वेडा होता, ते वंदनाला एका क्षणात कळलं. तिनं कपाळावर हात मारला आणि प्रितमनं काय बजावलं होतं ते भावाला सांगितलं.

"त्या पोरानं ह्याला हवा द्यायला सांगितली व्हती," सोमेश्वर म्हणाला. "तू ह्याला चारा घातला." आणि रूपालीच्या लग्नानंतर पहिल्यांदा भावानं बहिणीच्या घरात हसून घेतलं. हसताना आपण रुसलेलो आहोत हे आठवून त्यानं खोकल्याचा आव आणला, पण तोवर उशीर झाला होता.

त्यानं हरिओमच्या दाढीच्या ब्रशनं जाळी पात्यापात्यांतून झाडली. हरिओमनं ब्रशकडं केविलवाणं बघितलं, कोणी लक्ष दिलं नाही. झाकण लागलं. खालून वारं शिरावं म्हणून लॅपटॉपच्या मागच्या बाजूला दोन काडेपेट्या लावल्या. कूलरचं तोंड भिंतीकडं फिरवलं तसा हरिओम लगबगीनं भिंत आणि कूलर यांच्या मध्ये जाऊन बसला.

आता लॅपटॉप सुरू झाला तो बाजूच्या फटीतून गरम वाऱ्याचा झोत सोडतच. हळद झाली. सीमांतपूजन झालं. अक्षता पडल्या. आहेर आला. तिघांनी श्वास रोखला. कडूबाचा आवाज घुमला, "वधूचे मामा, सोमेश्वरराव उगले." सनई लागली. सोन्याच्या उजेडात, पाकळ्यांच्या पावसात, अंबडचा सोमेश्वर एखाद्या देवासारखा संथपणे हात पुढं करून टोपी-टॉवेल घेऊ लागला. घेतच राहिला. बराच वेळ घेत राहिला. लॅपटॉप बंद पडला नाही.

वंदनानं भावाच्या तोंडाकडं बघितलं. तो खूश होईल असं तिला वाटलं होतं.

"मी पयला नव्हतो," सोमेश्वर म्हणाला.

"दादा..."

"मी पयला नव्हतो, वंदे. माझ्याआधी मंडपवाला व्हता. हे तू खोटं केलंय."

"खोटं न्हाई केलं," वंदना म्हणाली, आणि तिचा आवाज चिरकला. "जे व्हायला पायजे व्हतं ते केलंय. माझ्या हातात माईक असता तर मी तुझंच नाव घेतलं असतं ना? माईक नव्हता माझ्या हातात. हे मशीन हाय. मंग मी ह्याच्यात घेतलं."

सोमेश्वरची भांडायची तयारी होती, पण भांडणाला जागाच सापडेना. तो नुसता स्क्रीनकडं बघत राहिला. आहेर संपले. पंगती उठल्या. पोरीला वाटे लावायची वेळ आली. रूपाली एकेकाच्या गळ्यात पडून रडत होती, सजवलेली गाडी उभी होती, आणि चित्राच्या उजव्या कोपऱ्यात पाकळ्यांचा पाऊस पडत होता.

सोमेश्वर पुढं झुकला. "ही फुलं त्या कोपऱ्यातच का पडून राह्यली? पोरगी तर मधी हाय."

"ते असंच. डिझाइन हाय."

"कसलं डिझाइन? तिथं तर भटाऱ्याचा टेम्पो उभा हाय. टेम्पोवर कोणी फुलं उधळतंय का? काढ ती."

"राहू दे दादा."

"काढ म्हणतो ना."

वंदनानं एकदा हरिओमकडं बघितलं. तो कूलरच्या वाऱ्यात डोळे मिटून बसला होता. तिनं बोट दाबलं. पाकळ्या गेल्या.

भटाऱ्याच्या, म्हणजे आचाऱ्याच्या, टेम्पोमागं एक उंच माणूस उभा होता, डोक्यावर टोपी नसलेला. शर्टाच्या बाहीत तोंड खुपसून तो हुंदके देत होता. नवरीची गाडी हलली तशी त्यानं बाही खाली केली, टेम्पोच्या आडून गाडीबरोबर चार पावलं चालला, आणि टेम्पो संपला तिथं थांबला. त्याच्या तोंडाकडं बघवत नव्हतं. अंबडच्या साऱ्या भावकीला ठाऊक होतं की त्या वेळी सोमेश्वर उगले केव्हाच एसटीत बसून निघून गेलेला होता.

"हे तू कवा पाह्यलं?" सोमेश्वरनं विचारलं. आवाज बारीक झाला होता.

"कॅमेऱ्यातलं कार्ड आलं त्याच दिवशी."

"मंग बोलली का न्हाई? भावकीत एक शब्द टाकला असता, तर माझी जिरली असती ना समदी."

"तू म्हणाला व्हता, मी तडक निघून गेल्तो," वंदना म्हणाली. "मंग तू गेल्ताच."

सोमेश्वरनं मान खाली घातली. लॅपटॉपखालची एक काडेपेटी उगीच सरळ केली. ती आधीच सरळ होती.

"दाजींनी पाह्यलंय?"

"कोणी न्हाई पाह्यलं. मी एकटीनं."

"फुलं टाक परत."

तिनं टाकली. दोघं बघत राहिले. पाकळ्या टेम्पोवर पडत होत्या, एकामागून एक.

"जरा दाट टाक," सोमेश्वर म्हणाला. "बाही दिसून राह्यली."

तिनं दाट केल्या. लॅपटॉपच्या पंख्यानं आवाज चढवला, बाजूनं गरम झोत सोडला, पण चित्र अडखळलं नाही. सोमेश्वरनं फटीपाशी तळहात धरून वारं तपासलं आणि समाधानानं मान डोलवली.

"अन् ते आहेराचं बी बराबर कर," तो म्हणाला. "जितवा व्हतो तितवाच ठेव. मंडपवाला लई वेळचा उन्हात उभा व्हता बिचारा."

"अन् भावकी काय म्हणंल?"

"भावकीला मी बघतो." तो उठला, पायजमा झटकला. मग बहिणीकडं न बघता, लॅपटॉपलाच सांगितल्यासारखं बोलला, "आयतवारी ये धोंड्याला. दाजीला आण. पोरीला अन् जावायाला मी फोन करतो. अन् माझ्याकडं काही माईक-बिईक न्हाई. पण माझ्या घरात पयलं नाव तुझंच निघतं, आजबी."

वंदनाला "येते" म्हणायचं होतं. तिनं पदर तोंडाला लावला, आणि मग तिला आवरेना. गल्लीतल्या बायका नव्या साड्या नेसून येत होत्या ते सगळे दिवस त्या पदरात भिजून निघाले.

सोमेश्वरला तिचा आवाज ऐकू येत होता. तो वळला नाही. स्टूल उचलून जागेवर ठेवलं, स्क्रू-ड्रायव्हर खिडकीत ठेवला, मग बराच वेळ कूलरचा वाळा निरखत उभा राहिला. इतके दिवस तिनं त्याचं रडणं पाहिलं नव्हतं. आता न पाहण्याची पाळी त्याची होती.